आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत सकाळच्या चहाआधी एकच प्रश्न असतो: आयर्विनला किती फूट? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ‘पाणी लई वाढलंय’ म्हणणाऱ्याकडं कुणी लक्ष देत नाही, आकडा सांगणाऱ्याकडं सगळे वळून बघतात. तू साताऱ्याची, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वाढलेली, तुला ही सवय नाही. म्हणून परवा रात्री अकराला तुझा फोन आला, “आत्या, गेम उघडतच नाहीये गं, काल तर नीट चालला होता,” आणि मी विचारलं, “आकडा काय?” तर तू गप्प. कालचा माहीत नाही, आजचाही माहीत नाही. मग दीड वाजेपर्यंत आपण दोघी अंधारात चाचपडत बसलो.

फोनवर राहिलं ते आता लिहून पाठवते. मी खेळणारी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण हरभट रोडच्या बोळात आठ मशिनांचा सायबर कॅफे बारा वर्षं चालवला. तासाला वीस रुपये, भारनियमनात इन्व्हर्टरचे पाच जादा. मूळ सीडी किती होत्या ते विचारू नकोस. बिघडलेला खेळ घेऊन रडकुंडीला आलेली पोरं मात्र भरपूर बघितली. आणि एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, आता कळते: त्या कॅफेचं निम्मं भाडं मॉडवर निघालं. काउंटर-स्ट्राइक हा मुळात हाफ-लाइफवर १९९९ साली दोन पोरांनी केलेला मॉड. डोटा हा वॉरक्राफ्ट ३ वरचा मॉड. विकत घेतलेल्या खेळात माणसानं आपल्या हातानं घातलेली भर, एवढाच त्याचा अर्थ. त्या भरीसाठीच पोरं सायकली टाकून रांगेत उभी राहायची.

आता पाण्याचं सांगते. कोयनेचे दरवाजे उचलायचे असले की खाली सांगलीपर्यंत कळवतात: किती क्युसेक, किती वाजल्यापासून. आपण वैतागतो, पण गाद्या माळ्यावर टाकायला वेळ तर मिळतो. जुन्या खेळांच्या कंपन्या वरनं अपडेट सोडतात तेव्हा बऱ्याचदा एवढी रीतसुद्धा नसते. दहा-बारा वर्षांचा खेळ, सगळे विसरलेत असं वाटावं असा. एका सकाळी त्यात काहीशे एमबी उतरलेले असतात. काय बदललं? ‘किरकोळ सुधारणा.’ कधी तेवढंही लिहिलेलं नसतं. आणि खेळाच्या अंगावर तू हौसेनं चढवलेले साठ-सत्तर मॉड एका रात्रीत आडवे.

ते सांगत नाहीत म्हणून कारण नसतंच, असं नव्हे. कारण बहुतेक वेळा खेळाच्या बाहेर असतं. मी पाहिलेल्यांतलं सगळ्यात नेहमीचं म्हणजे वाढदिवस. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. बरोबर दहा वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२१ ला, त्याची वर्धापनदिन आवृत्ती आली आणि त्या निमित्तानं खेळाचा कोड नव्या कंपायलरमधून काढला. खेळणाऱ्याला पडद्यावर फरक दिसला नाही, पण आतली सगळी मांडणी हलली. दुसरं कारण टीव्ही. फॉलआउट ४ हा २०१५ चा खेळ. एप्रिल २०२४ मध्ये त्या नावाची मालिका आली, जगभर लोक जुना खेळ पुन्हा उघडायला लागले, आणि २५ एप्रिलला मोठं अपडेट सोडलं. त्याच खेळावर वर्षानुवर्षं राबून काही हौशी मंडळींनी ‘फॉलआउट: लंडन’ नावाचा अख्खं नवं शहर असलेला मॉड केला होता. तो २३ एप्रिलला बाहेर यायचा होता. लग्न उरकून दोन दिवस होतात न होतात तोच मांडवाखालची जमीनच बदलणार, अशी गत. त्यांनी मुहूर्त पुढं ढकलला. शेवटी २५ जुलैला मॉड आला, तेव्हा स्टीमच्या ऑनलाइन दुकानातनं खेळ घेतलेल्यांसाठी पहिली पायरी काय होती माहीत आहे? खेळ जुन्या आवृत्तीवर परत न्या.

कधी कारण गाण्यांचं असतं. जीटीए ४ हा २००८ चा. गाण्यांचे परवाने दहा वर्षांचे होते, एप्रिल २०१८ मध्ये संपले, आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या खेळातल्या रेडिओवरनं गाणी गायब झाली. कधी नक्कल रोखायचं कुलूप असतं: जानेवारी २०२४ मध्ये रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स या कितीतरी वर्षं जुन्या खेळाला नवं कुलूप बसवलं, त्यानं खेळ अडखळायला लागला, ओरड झाली, मग काढून घेतलं. कधी विकत घ्यायच्या जोडण्यांचं दुकान खेळाच्या आत मांडायचं असतं, डिसेंबर २०२३ मध्ये स्कायरिममध्ये मांडलं तसं.

यातनं माझा पहिला कानमंत्र. कारण विचारत बसू नकोस, पंचांग बघ. सांगलीला जसा ऑगस्ट, तसा या खेळांना नोव्हेंबर. नाताळच्या विक्रीच्या आधी खेळ बाजारात आणायची त्यांची जुनी पद्धत, त्यामुळं बरेच वाढदिवस नोव्हेंबरात पडतात. हाफ-लाइफचा पंचविसावा नोव्हेंबर २०२३ ला, हाफ-लाइफ २ चा विसावा नोव्हेंबर २०२४ ला, फॉलआउट ४ चा दहावा १० नोव्हेंबर २०२५ ला. प्रत्येकाला अपडेट आलं. दिवाळीची साफसफाई करतेस ना, त्याच आठवड्यात खेळाच्या फोल्डरची प्रत काढून ठेवायची. खेळावर मालिका किंवा सिनेमा येतोय असं ऐकलंस की त्या दिवशीच काढायची. वाढदिवस पाचाच्या किंवा दहाच्या पटीतला असेल तर जास्तच सावध.

आता खेळाच्या आवृत्तीचा आकडा कुठं बघायचा. खेळाच्या फोल्डरमधली एक्झी फाइल, तिच्यावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथं चार तुकड्यांचा आकडा असतो. तो वहीत लिही. हसू नकोस, वहीतच लिही, कारण मशीन बसलं की मशिनातली नोंदही बसते. फार जुन्या खेळांत आकडा नसतो किंवा वर्षानुवर्षं एकच असतो, तेव्हा फाइलचा आकार आणि तारीख लिही. कॅफेत माझी दोनशे पानी वही होती, प्रत्येक मशीनला चार पानं. पोरं तिला ‘मॅडमची गाथासप्तशती’ म्हणायची. त्यांना गाथासप्तशतीत काय आहे ते ठाऊक नव्हतं, नाहीतर म्हणाली नसती.

आणि काही न सांगता अपडेट आलं तर काय बदललं हे कसं ओळखायचं? त्याच फोल्डरमध्ये ‘डेट मॉडिफाइड’वर क्लिक कर. वर सरकून येतील त्या फायली म्हणजे रात्री येऊन गेलेले पाहुणे. नुसती एक्झी बदलली असेल तर दुखणं एका जातीचं. चित्रं-आवाजांची मोठमोठी गाठोडी बदलली असतील तर दुसऱ्या जातीचं. कंपनी तोंड उघडत नसली तरी फोल्डर बोलतं.

जात ओळखणं का महत्त्वाचं, हे मिरजेवरनं कळेल. आपण एकदा तंबोरा करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो होतो, आठवतं? तू आठवीत होतीस. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून दाखवला होता. धागा जागेवर आला की तार भरून बोलायला लागली, केसभर पुढं गेला की मुकी. तंबोरा तोच, तार तीच. एका जातीचे मॉड या धाग्यासारखे असतात. ते खेळाच्या चालू कोडमध्ये ठरावीक पत्त्यावर जाऊन बसतात. कोड पुन्हा नव्यानं बांधला की सगळे पत्ते सरकतात, कुणी मुद्दाम काही मोडलेलं नसलं तरी. स्कायरिमला २०२१ मध्ये हेच झालं. दुसऱ्या जातीचे मॉड नुसते तंबोऱ्यावरच्या रंगकामासारखे: नवे कपडे, नवे चेहरे, दगडांचा पोत, आवाज. ते बहुतेक अपडेटमधनं सुखरूप पार पडतात.

म्हणून वहीत मॉडची यादी करशील तेव्हा दोन रकाने पाड: ‘रंगाचे’ आणि ‘धाग्याचे’. अपडेटनंतर खेळ पडला तर साठ मॉड काढून-घालून बघायची गरज नाही. धाग्याचे दहा बाजूला ठेव, खेळ उघडतो का बघ. परवा आपण उलटं केलं. तू आधी झाडांचे आणि दाढ्यांचे मॉड काढत बसलीस.

धाग्याच्या मॉडवाल्यांनी यावर एक नामी तोडगा काढलाय, तो मला फार आवडतो. साताऱ्यात कुणी घर नंबर सांगतं का? ‘राजवाड्याच्या मागं, पिंपळापाशी’ म्हणतात. नगरपालिकेनं नंबर बदलले तरी पिंपळ तिथंच असतो. स्कायरिमवाल्यांनी तशी एक पत्त्यांची वही केली आहे, अ‍ॅड्रेस लायब्ररी म्हणतात तिला. मॉड पत्ता पाठ करत नाही, ‘पिंपळापाशी’ एवढंच म्हणतो, आणि प्रत्येक आवृत्तीत पिंपळ कुठल्या नंबरवर आहे ते वही सांगते. नवा मॉड निवडताना तो अशी वही वापरतो का, एवढं बघून घे. तरी २०२१ सारखा मोठा हलवाहलवीचा प्रसंग आला की वहीसुद्धा नव्यानं लिहावी लागते, हे लक्षात ठेव.

आणि ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाचा जो प्रकार तू सगळ्यांत आधी घालतेस, तो आकडा जुळला नाही की सरळ नकार देतो. तुला त्याचा राग आला होता. अगं, तो राखणदार आहे. आकडा न बघता आत सोडलं असतं तर तुझा सेव्ह खराब झाला असता आणि ते चार दिवसांनी कळलं असतं. नकार देणारं यंत्र चांगलं. मुकाट्यानं होकार देणाऱ्याची भीती बाळग.

माझी फजिती सांगते. २००८ च्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली. पोरांना कॉम्प्युटरवर तेच संघ हवे. खेळ कुठला, तर ईएचा क्रिकेट ०७, नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला. त्यात भारतीय खेळाडूंची धड नावंसुद्धा नव्हती, परवाने नसल्यामुळं वाकडी करून घातलेली. बाहेरच्या मॉडवाल्यांनी नावं सरळ केली, जर्शा रंगवल्या, आयपीएलचे संघ घातले. एक पोरगा पेन ड्राइव्हवर तो सगळा पसारा घेऊन आला. शनिवारची संध्याकाळ, बाहेर दहा जण उभे. मी काय केलं, आठच्या आठ मशिनांवर एका दमात घातला, जुन्या फायलींवरच. प्रत काढली नाही. नाणेफेकीपर्यंत सगळं झकास. नाणं वर गेलं की पडदा गोठला, आठही मशिनांवर. माझी सीडी ओरखडे पडून गेलेली. शेवटी तुझ्या बाबांना फोन केला. त्यांच्याकडं त्याच खेळाची एक प्रत होती. त्यांनी साताऱ्याच्या स्टँडवर सांगली गाडीच्या कंडक्टरच्या हातात सीडी दिली, वर दहा रुपये चहाला. कराड, इस्लामपूर करत गाडी रात्री पोचली, आणि मी स्टँडवर पाहुणीला घ्यायला जावं तशी सीडी घ्यायला गेले.

त्या रात्रीपासूनचे दोन नियम आजही मोडत नाही. काहीही नवं असलं की आधी एका मशीनवर. आणि एक प्रत सांगलीत तर एक साताऱ्यात.

दुसऱ्या नियमाला पुराचा हातभार आहे. हरिपूरची हळदीची पेवं तू बघितली नाहीस, बघण्यासारखी आता फारशी राहिलीही नाहीत. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पाणी शिरून कायमची गेली. आमच्या कॅफेतही कमरेएवढं पाणी होतं, सीड्यांचं कपाट खालच्या खणापासून भिजलं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कॅफे नव्हता, पण हार्ड डिस्क घेऊन मी गच्चीत बसले होते, लोक दागिने घेऊन बसतात तशी. जपून ठेवणं वेगळं आणि एकाच ठिकाणी जपून ठेवणं वेगळं. तू आता खेळाचं जुनं फोल्डर त्याच मशिनाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलंयस. ते पेव झालं. बाहेरच्या डिस्कवर घे, आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा ती डिस्क माझ्याकडं ठेवून जा.

क्रिकेट ०७ वरनं आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा तसा खेळच काढला नाही. अपडेट नाहीत, वाढदिवस नाहीत, कुणी विचारत नाही. आणि म्हणूनच जवळजवळ वीस वर्षं पोरं त्यावर नवे हंगाम, नवी मैदानं चढवत बसली आहेत, २००६ मध्ये शाळेत जाणारे खेळाडू आज त्यात कप्तान आहेत. मायबापानं पाठ फिरवली आणि लेकरू शेजाऱ्यांच्या जिवावर धडधाकट वाढलं. २०१७ च्या वर्ल्ड कपात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ केल्या, तेव्हा तू हट्टानं तिला त्या खेळात सलामीला घातलंस. खेळात बायकांचा संघच नव्हता, म्हणून पुरुषांच्या संघात. खेळातला समालोचक रिची बेनो तिला शेवटपर्यंत ‘तो’च म्हणत राहिला. तुझा पहिला मॉड तो. तो आजही चालतो, कारण त्याच्या खालची जमीन कुणी हलवलेली नाही.

म्हणजे अपडेट वाईटच, असं माझं म्हणणं नाही, आणि इथं तुझं माझं पटणार नाही हे मला ठाऊक आहे. ऑगस्ट २००९ मध्ये वॉरक्राफ्ट ३ ला १.२४ नावाचं अपडेट आलं आणि डोटासकट असंख्य नकाशे बंद पडले. कॅफेत शिव्यांचा पाऊस. पण कारण खरं होतं. नकाशे बनवणारे ज्या एका भोकातनं हात घालून करामती करायचे, त्याच भोकातनं एखादा नकाशा तुमच्या मशिनात वाटेल तो कोड चालवू शकत होता. भोक बुजवायलाच हवं होतं. डोटावाल्यांनी नकाशा नव्यानं लिहिला आणि पुढं चालू. मी मात्र तेव्हा चार मशिनांवर अपडेट घातलं आणि चारांवर राहू दिलं. आठवडाभर पोरं एकमेकांना जोडेनात, कारण दोन्ही बाजूंचा आकडा एक नसला की खेळ जोडतच नाही, आणि मी केबल बदलत बसले. तेव्हा एकटीनं खेळायचा खेळ असेल तर अपडेट खुशाल थांबव. चार जणांशी जोडून खेळत असशील तर थांबवू नकोस, एकतर सगळ्यांनी घ्या नाहीतर कुणीच नको.

थांबवायचं कसं? स्टीममध्ये पूर्ण बंद करायचं बटण नाही. खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेटचा जो पर्याय आहे, तिथं ‘खेळ सुरू करेपर्यंत थांब’ एवढंच मिळतं. मग खेळ स्टीमच्या हिरव्या बटणावरनं उघडायचाच नाही, स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या लोडरवरनं उघडायचा. सवयीनं एकदा हिरवं बटण दाबलंस की गेलं सगळं, म्हणून डेस्कटॉपवर फक्त लोडरचं चित्र ठेव. काही जण स्टीमची त्या खेळाची नोंदफाइल ‘रीड ओन्ली’ करून ठेवतात. तिच्या नावात खेळाचा क्रमांक असतो, स्कायरिम स्पेशल एडिशनचा ४८९८३०, फॉलआउट ४ चा ३७७१६०. चालतं ते, पण मला त्यावर भरवसा ठेवायला आवडत नाही. दाराला खुर्ची लावून झोपण्यासारखं आहे. खरा भरवसा बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीचा.

पाणी शिरलंच तर परतीच्या वाटा दोन-तीन आहेत. आधी बघ, कंपनीनंच जुनी आवृत्ती ठेवली आहे का. हाफ-लाइफवाल्यांनी २०२३ ला मोठं अपडेट दिलं, पण आधीची आवृत्ती वेगळ्या शाखेत राहू दिली, खेळाच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘बीटा’ खणात ती निवडता येते. याला म्हणतात रीत. जून २०२२ मध्ये रेसिडेंट ईव्हिलच्या तीन खेळांना नवी प्रकाशयोजना दिली, जुन्या मशिनांना ती झेपेना, मॉडही मोडले. लोक ओरडले तशी काही दिवसांत जुनी आवृत्ती त्याच खणात परत आली. तेव्हा खण उघडून बघितल्याशिवाय आदळआपट करू नकोस. जीओजी या दुसऱ्या दुकानातनं घेतलेला खेळ असेल तर त्याचा इन्स्टॉलर उतरवून घरात ठेवता येतो, तो कुणी बदलू शकत नाही. माझं ऐकशील तर जुना खेळ दोन्हीकडं मिळत असेल तेव्हा जीओजीवरनं घे, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. यातलं काहीच नसेल तर मॉडवाल्यांनी केलेले ‘डाउनग्रेडर’ असतात. ते वापरताना तुझ्या वहीतला जुना आकडा लागतो. कुठं परत जायचंय हेच माहीत नसेल तर कंडक्टर तिकीट कुठलं फाडणार?

सेव्हची प्रत वेगळी काढ. नव्या आवृत्तीत खेळून केलेला सेव्ह जुन्यात नीट उघडेल याची खात्री नसते, म्हणून अपडेटच्या आधीचा शेवटचा सेव्ह तारीख घालून बाजूला ठेव. आणि मॉड खेळाच्या फोल्डरात थेट ओतू नकोस, मॉड ऑर्गनायझरसारख्या साधनातनं घाल. ते मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतं आणि खेळाला भास करून देतं की ते आतच आहेत. मूळ फोल्डर कोरं राहतं. हे साधन मला २००८ ला मिळालं असतं तर कंडक्टरला चहाचे पैसे द्यावे लागले नसते.

अपडेट आल्याच्या पहिल्या आठवड्यात काही करायचं नाही. खरंच काही नाही. पुस्तक वाच, आईला मदत कर. स्क्रिप्ट एक्स्टेंडरची मंडळी फुकट काम करतात, तरी बहुतेक वेळा लवकर नवी आवृत्ती देतात. पण त्याच्यावर उभे असलेले मॉड पन्नास वेगवेगळ्या माणसांचे. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळ लहान, कुणी खेळच सोडलेला. त्यांना ‘कधी करणार?’ म्हणून विचारणं म्हणजे वारीत वाढणाऱ्याला ताटावरनं ओरडणं. विचारायचंच असेल तर आकडा सांग, तुझ्या धाग्याच्या मॉडची यादी दे, खेळ पडतो त्या क्षणाची नोंदफाइल जोड, आणि आधी आभार मान. तू परवा त्या बिचाऱ्या मॉडवाल्याला नुसतं ‘चालत नाही’ एवढं लिहिलंस. मी पोराला कॅफेतनं बाहेर काढलं असतं असं कुणी मला म्हणलं असतं तर.

आणि तू स्वतः मॉड करतेस म्हणून हे शेवटचं. तुझ्या आजीचा कांदा-लसूण मसाला तुला आठवतो, चव आठवते. कृती कुणालाच माहीत नाही. प्रमाण तिच्या मुठीत होतं आणि ती कुणाला सांगायला तयार नव्हती. मूठ गेली, मसाला गेला. धाग्याचे कितीतरी चांगले मॉड असेच गेले. करणारा निघून गेला, तयार फाइल राहिली, सोर्स कुणाकडंच नाही, आणि पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधायला कुणाला येईना. ज्यांनी सोर्स उघडा ठेवला, त्यांचे मॉड दुसऱ्या कुणीतरी उचलून पुढं नेले. तेव्हा तुझ्या मॉडबरोबर सोर्स दे आणि वाचायच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिही की हा कुठल्या आकड्यावर केला. मोठ्या अक्षरांत लिही. तुझं अक्षर बारीक असतं ही सबब इथं चालत नाही, टाइपच करायचंय.

बाबांना म्हण, दिवाणखान्यातल्या कपाटात वरच्या खणात निळ्या डब्यात ती एसटीनं आलेली सीडी असेल, मी परत पाठवली होती. ओरखडे पडलेत का बघ आणि तिची एक प्रत काढून घे. इथं कालपासून रिपरिप आहे, फार नाही. सकाळी आयर्विनला १७ फूट होतं. तुझा आकडा कळव.